बाकावरची पाटी

आपण गेल्याची बातमी बाईंना सकाळी चहा पिताना कळली. पहिल्यांदा वाचताना त्यांनी सवयीने त्यातलं एक विशेषण काढून टाकायला घेतलं होतं. बातमी कोणाची आहे हे दुसऱ्या वाचनात लक्षात आलं, आणि मग चहा तसाच राहिला.

बाई म्हणजे यहुदी शाळेच्या कचेरीतल्या बाई. त्यांनी उभ्या आयुष्यात एक धडा शिकवला नाही. फी घ्यायची, दाखले द्यायचे, सोललेल्या गुडघ्यांवर पट्ट्या चिकटवायच्या, विसरलेले डबे नि हरवलेले मोजे सांभाळायचे आणि कोणाचे पालक कोणावर रागावलेत याची खबर ठेवायची, हे त्यांचं काम. पण शाळेत वावरणाऱ्या बाईमाणसाला मुलं दुसरं काय म्हणणार? बाई म्हणाली. पुढे त्या मुलांची मुलं शाळेत आली, तीही बाईच म्हणाली. तसं बाईंना नाव होतं. आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं, पणजीचं. पण त्या नावाने हाक मारणारं शेवटचं माणूस म्हणजे त्यांची आई, आणि तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. धाकटी बहीण ताई म्हणायची, तीही गेली. बँकेत हल्ली नंबर पुकारतात. दवाखान्यातली मुलगी आजी म्हणते, आणि ते ऐकलं की बाईंच्या कपाळाला आठी पडते, कारण आजी व्हायला आधी बरंच काही व्हावं लागतं.

निवृत्त झाल्यावर कचेरी सुटली, घंटा सुटली, पण जित्याची खोड म्हणतात तसं एक काम काही सुटलं नाही. शाळेचं एक वार्तापत्र निघतं. त्याच्या शेवटच्या पानावर 'आपली माणसं' या मथळ्याखाली माजी विद्यार्थ्यांच्या घरच्या बातम्या येतात. कोणाला मूल झालं, कोणाचं लग्न ठरलं, कोण कुठल्या देशात गेलं, कोण कायमचं गेलं. शाळा मूठभर मुलांची, पण तिथून बाहेर पडलेली माणसं जगभर पांगलेली, आणि ती सगळी वार्तापत्र उघडतात ते शेवटून. पुढच्या पानावरचं मुख्याध्यापकांचं मनोगत कोण वाचतो? मुख्याध्यापकसुद्धा दुसऱ्यांदा वाचत नसावेत. हे शेवटचं पान बाई चालवत, म्हणून परदेशातली मंडळी त्यांना बातमीबाई म्हणत.

पानाचे नियम बाईंचे. जन्म वर, लग्नं मध्ये, मृत्यू खाली. विशेषणाला प्रवेश नाही. 'दुःखद निधन' असं कोणी पाठवलं की बाई 'दुःखद' काढून टाकत आणि म्हणत, सुखद निधन अजून कोणी कळवलेलं नाही. 'गोंडस बाळा'तला गोंडसही जाई, कारण आपलं ते सगळ्यांना गोंडसच असतं. दुनियेच्या बातम्या त्यांच्या हाताखालून गेल्या, पण आईच्या आणि बहिणीच्या मृत्यूच्या दोन-दोन ओळी सोडल्या तर त्यांच्या स्वतःच्या घरचं त्या पानावर कधी काही आलं नाही. यायला घरात काही घडावं लागतं. दोन खोल्या, रस्त्यावरची एक खिडकी, दोन खुर्च्या, त्यातली एकच वापरातली. बाई एकट्या होत्या आणि त्यांना ते आवडत नव्हतं. लोक म्हणतात सवय होते. काही होत नाही. उलट बाहेरून आल्यावर दारातच 'आले गं' म्हणायची जी सवय होती, ती ऐकणारी गेली तरी तशीच राहिली.

तर त्या सकाळी पानाच्या ईमेलवर आलेली बातमी अशी होती.

'आम्हाला मुलगी झाली. आम्ही दोघी बऱ्या आहोत. मुलीला आमच्या शाळेच्या प्रेमळ दिवंगत बाईंचं नाव ठेवलं आहे. माझे वडील बस चालवायचे. त्यांची पाळी शाळेनंतर संपायची, त्यामुळे मी रोज सगळ्यात शेवटी घरी जायचे. बाई तोवर माझ्याजवळ बाकावर बसून राहायच्या. मला त्या शाळेचं शेंडेफळ म्हणायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांचं नाव कोणीतरी पुढे चालवावं असं वाटलं. बातमी कळल्यावर मी त्यांच्यासाठी मेणबत्तीही लावली. कृपया छापावं.'

खाली मुलीचं नाव होतं. बाईंचं नाव. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

काढायला घेतलेलं विशेषण म्हणजे 'प्रेमळ'. 'दिवंगत' हे काही विशेषण धरायचं की माहिती, हा पुढचा प्रश्न होता.

आता जिवंत माणसाला अशी परस्पर मारायची करामत कोणाची, तर कोणाचीच नाही. झालं असं की त्या वर्षी बाई न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये, टाइप कशाने करणार? त्यांनी मुख्याध्यापकांना फोन करून सांगितलं की पान दोन अंक निघणार नाही, तसं वाचकांना कळवा. मुख्याध्यापक नवे होते, बाहेरून आलेले, हसतमुख आणि विसराळू. कळवायचं ते विसरले. पण माणूस मनाचा चांगला. त्याच सुमारास व्हरांड्याला रंग दिला होता, तेव्हा कचेरीबाहेरच्या जुन्या लाकडी बाकावर त्यांनी एक पितळी पाटी ठोकून घेतली. तिच्यावर बाईंचं पूर्ण नाव आणि खाली 'कृतज्ञतापूर्वक'. अंकाचं शेवटचं पान रिकामं राहत होतं, म्हणून तिथे त्या पाटीचा मोठा फोटो टाकला. बाईंना वाटलं, चला, कोणाला तरी आठवण आहे.

मुख्याध्यापकांना एक गोष्ट ठाऊक नव्हती, जी त्या शाळेतल्या पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असते. त्या शाळेत पाट्या खूप. वाचनालयावर पाटी, पिण्याच्या पाण्याच्या नळावर पाटी, घड्याळाखाली पाटी, झाडाच्या कठड्यावर पाटी. कोणाच्या आईच्या स्मरणार्थ, कोणाच्या भावाच्या. एकूण एक पाटी गेलेल्या माणसाची. जिवंत माणसाच्या नावाची पाटी त्या भिंतींनी पाहिलीच नव्हती. तेव्हा बातम्यांचं पान गायब, आणि त्याच जागी बातमीबाईंची पाटी. समुद्रापलीकडे बसलेल्या माजी विद्यार्थिनीने याचा काय अर्थ लावायचा? गावातल्या लोकांचा गैरसमज व्हायचा प्रश्न नव्हता, त्यांना बाई भाजीच्या दुकानात वाटाण्याच्या शेंगा फोडून बघताना रोज दिसत होत्या. परदेशातून मुख्याध्यापकांना चार-दोन गहिवरलेली पत्रं आली म्हणतात. त्यांना ती पाटीच्या कौतुकाची वाटली.

बाईंनी उत्तर लिहायला घेतलं. 'गैरसमज झालेला दिसतो' एवढं लिहून त्या थांबल्या.

कारण इथे एक अडचण होती, आणि ती साधी नव्हती. त्या शाळेतल्या बहुतेक घरांत मुलाला गेलेल्या माणसाचं नाव ठेवतात. जिवंत माणसाचं कधीच नाही. ते त्या माणसाच्या वाईटावर मानतात, आणि मुलाच्याही. कोणी म्हणतं मृत्यूचा दूत गोंधळतो, हाक एकाला मारायची नि दुसऱ्यालाच नेतो. कोणी काही म्हणत नाही, नुसतं नको म्हणतं. म्हणजे बाई जिवंत आहेत असं कळलं की ते नाव त्या मुलीच्या अंगावरून उतरवावं लागणार. ईमेलच्या शेवटी तिने तसं लिहिलंही होतं, बाईंच्या ते नंतर नजरेला आलं. सासूबाईंनी विचारलं होतं म्हणे, नीट खात्री केलीस ना? त्यांच्या माहेरी एकदा घोटाळा झाला होता. गेला असं समजलेला एक काका जिवंत निघाला, तर पाळण्यातल्या मुलाचं नाव आठवड्याच्या आत बदललं. तेव्हा सुनेने त्यांना सांगितलं, मी पाटीच पाहिली आहे.

बाईंनी लिहिलेली ओळ पुसली. जगाच्या पाठीवर एका घरात कोणीतरी त्यांच्या नावाने हाका मारत होतं. दूध पाजताना, अंघोळ घालताना, रागावताना. ते बंद करायला त्यांच्या एका ओळीची गरज होती, आणि ती ओळ लिहायला त्यांचा हात होईना. मोडलेलं मनगट तोवर चांगलं बरं झालं होतं.

त्यांनी लिहिलं, 'बातमी मिळाली. अभिनंदन. जागेअभावी या अंकात घेता येत नाही, पुढच्या अंकात पाहू.' आणि खाली सही म्हणून नुसतं 'आपली माणसं'.

उत्तर दुसऱ्या दिवशी हजर. शेंडेफळाला वाटलं, पान आता दुसरं कोणी चालवतंय. तिने अगदी मोकळेपणाने विचारलं होतं, तुम्ही बाईंना ओळखत होता का? मुलीला मोठेपणी सांगायला मला काहीतरी हवं आहे. मला त्यांच्याबद्दल काहीच माहीत नाही, फक्त बाक आठवतो आणि त्यांच्या पर्समधल्या आल्याच्या गोळ्या. शाळेतून गेल्यावर त्या काय करायच्या? त्यांना काय आवडायचं?

बाई खुर्चीत मागे टेकल्या. इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. जिवंतपणी विचारलं नव्हतं, असं म्हणायला हवं. मेल्या म्हशीला मणभर दूध.

मग पत्रं सुरू झाली. बाई स्वतःबद्दल तिऱ्हाईतासारखं लिहू लागल्या, आणि काय सांगावं, त्यांना त्याची गोडी लागली. लिहिलं की बाईंना चालायला आवडायचं, आणि चालताना लोकांच्या उघड्या खिडक्यांतून आत बघायला. लिहिलं की त्यांचा आवाज बरा होता, पण प्रार्थनेच्या वेळी त्या हळू गायच्या, कारण शेजारची बाई जोरात गायची आणि बेसूर गायची, आणि तिला कोण सांगणार? लिहिलं की तरुणपणी एका घड्याळजीशी त्यांचं लग्न ठरत आलं होतं, पण आई आजारी पडली, आणि घड्याळवाला असूनही त्याला थांबायला वेळ नव्हता. हे वाक्य लिहून बाई एकट्याच हसल्या. शेंडेफळही तिकडे हसली असावी, तिने तसं कळवलं. बाजारातून येताना बाई हल्ली जिने जरा भराभर चढत. वर कोणी असल्यासारखं.

एकदा तिने विचारलं, शेवटी त्यांच्याजवळ कोण होतं?

बाईंनी लिहिलं, 'कोणी नाही. त्या एकट्याच राहायच्या. पण त्यांची कधी तक्रार नव्हती.' वाचून पाहिलं. त्यांच्या पानावर आजवर खोटी माहिती गेली नव्हती. त्यांनी शेवटचं वाक्य काढलं आणि त्या जागी लिहिलं, 'तक्रार होती. कोणाकडे करायची ते कळत नव्हतं.'

या पत्राला उत्तर यायला वेळ लागला. आलं तेव्हा त्यात एवढंच होतं की वाचून मी रडले, मी एकदा तरी फोन करायला हवा होता. बाईंना आधी बरं वाटलं आणि लगेच आपलीच लाज वाटली. एका बाळंतिणीला आपण आपल्याच मरणावर रडवतोय.

त्या उठल्या आणि त्यांच्या धर्मगुरूंकडे, रब्बींकडे गेल्या.

रब्बी म्हातारे होते, एका कानाने कमी ऐकायचे, आणि कोणीही प्रश्न घेऊन आलं की त्यांना आवडायचं. बाईंनी विचारलं, एका बाईंचा प्रश्न आहे, जिवंत माणसाचं नाव मुलीला ठेवलं गेलं तर काय करायचं? रब्बींनी दाढीत हात घातला आणि सांगितलं की धर्मात त्याला काही मनाई नाही, ती आपली रीत आहे. आपल्याच लोकांत दुसरी घराणी आहेत, तिथे आजोबा समोर बसलेले असतात आणि नातवाला त्यांचं नाव ठेवतात. आजोबांना त्याचा अभिमान वाटतो, आणि ते काही त्यामुळे लवकर जात नाहीत. उलट हट्टाने जगतात. पण रीत ही रीत असते. मनात एकदा भीती शिरली की तिथे पोथी उपयोगी पडत नाही.

"त्या बाई सध्या आहेत ना?" रब्बींनी विचारलं.

"आहेत."

"मग त्यांनाच विचारा, त्यांना काय हवंय. हे कोणी विचारलेलं दिसत नाही."

बाई तशाच परत आल्या. काय हवंय ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. नाव हवं होतं, आणि ते ठेवणारीही हवी होती. एक मेलेल्या बाईला मिळणार होतं आणि एक जिवंत बाईला, आणि दोन्ही एकीला कसं मिळायचं, याचं उत्तर रब्बींकडेही नव्हतं.

पुढचा अंकही निघाला. बाईंनी याही वेळी जागेअभावी बातमी मागे ठेवली. वास्तविक त्या पानावर चांगली हातभर जागा होती. मुख्याध्यापकांनी तिथे शाळेच्या झाडाचा फोटो टाकला.

आणि मग ते ईमेल आलं, जे येणारच होतं. शेंडेफळाच्या नवऱ्याचं इकडे काही काम निघालं होतं. ती आणि मुलगी बरोबर येणार होत्या. शाळा बघायची होती, बाक बघायचा होता. आणि बाईंच्या कबरीवर ठेवायला तिने तिच्या गावच्या समुद्रकाठचा एक दगड उचलून ठेवला होता. गेलेल्या माणसाला भेटायला जाताना ती माणसं फुलं नेत नाहीत, कबरीवर दगड ठेवतात. फूल सुकतं, दगड राहतो, कोणीतरी येऊन गेलं हे कळतं. तिने विचारलं होतं, कबर कुठल्या ओळीत आहे?

गंमत म्हणजे बाईंना तेही सांगता आलं असतं. दफनभूमीत आईच्या डाव्या हाताला एक जागा त्यांनी राखून ठेवली होती. ओळ माहीत होती, जागा माहीत होती. 'अजून नावाचा दगड बसवलेला नाही' असं लिहिलं असतं तर त्यातला शब्दही खोटा ठरला नसता. ती आली असती, गवतावर दगड ठेवून, मुलीला दाखवून परत गेली असती. नाव कायमचं राहिलं असतं. बाईंना फक्त दोन दिवस घराबाहेर पडायचं नव्हतं, आणि त्यात नवीन काही नव्हतं.

त्यांनी ओळ लिहिली, जागा लिहिली. पाठवायच्या आधी सवयीने पुन्हा वाचलं, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर ते चित्र आलं. बाळाला घेऊन ऊन चुकवत ती रिकाम्या गवताशी उभी आहे, आणि आपण इथे खिडकीत. लहानपणी तिला खोटं सांगून कधी बसवून ठेवलं नव्हतं. वडिलांना उशीर होणार असला तर उशीर होणार असंच सांगितलं होतं. बाईंनी सगळं पुसलं आणि लिहिलं, 'आधी शाळेत या. मुलं घरी गेल्यावर, बाकापाशी. पुढचं तिथे सांगते.'

ठरलेल्या दिवशी बाई लवकरच जाऊन बसल्या. शाळा सुटली होती. मुलांच्या गडबडीनंतर जो एक रिकामेपणा व्हरांड्यात येतो, तो आला होता. नळ ठिबकत होता, कोणाची तरी टोपी खिडकीत राहिली होती. बाईंच्या पाठीमागे बाकाच्या फळीवर त्यांची पाटी होती. तिच्याकडे त्यांनी बघायचं टाळलं. भीती वाटत होती, आणि ती मरणाची नव्हती.

शेंडेफळ आली. अंगाने भरलेली, चष्मा लावलेली, छातीशी झोळीत बाळ. रस्त्यात दिसली असती तर बाईंनी ओळखली नसती, पण चाल तीच, एक पाय जरा आत टाकणारी. तिनेही बाईंना ओळखलं नाही. ओळखणार कशी? गेलेल्या माणसाला कोण शोधतं? शिवाय केस पांढरे झाले होते आणि बाई पूर्वीपेक्षा वीतभर कमी झाल्या होत्या.

"पत्रं लिहिणाऱ्या तुम्हीच ना?" तिने विचारलं.

बाईंनी मान हलवली. ती शेजारी बसली, अगदी पूर्वी बसायची त्या टोकाला, आणि वळून पाटीवरून बोटं फिरवू लागली. बाळ झोपलेलं होतं. एका हाताच्या मुठीत तिने काहीतरी धरलं होतं. बराच वेळ दोघी समोरच्या फाटकाकडे बघत राहिल्या. बाईंनी घरून चार वाक्यं पाठ करून आणली होती, त्यातलं एकही तोंडाशी येईना. आलं ते जुनंच.

"गाडी डेपोला लागली असेल," बाई म्हणाल्या. "येतीलच आता."

ती हळूहळू वळली. आधी तिने बाईंच्या हातांकडे पाहिलं, मग मांडीवरच्या पर्सकडे, मग तोंडाकडे. तिचा चेहरा पांढरा पडला. बाईंनी पर्स उघडून आल्याची गोळी काढली आणि तिच्यापुढे धरली, कारण दुसरं काय करायचं ते त्यांना सुचलं नाही.

"बाई?"

"हो गं, शेंडेफळ."

तिने गोळी घेतली नाही. बोलली तेव्हा तिचा आवाज चढलेला होता. तिने मेणबत्ती लावली होती, ती म्हणाली, ती रडली होती, नवऱ्याला रात्री उठवून बाईंची पत्रं वाचून दाखवली होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. खरं तर मेणबत्तीबद्दल कोणाचे आभार मानायचे हे त्यांना तेव्हापासून कळत नव्हतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

"एका ओळीत सांगता आलं असतं तुम्हाला," ती म्हणाली. "का नाही सांगितलं?"

"नाव काढून घेशील म्हणून."

बाई हे साधंच बोलल्या, भाजीचा भाव सांगितल्यासारखं. पण बोलल्यावर त्या मान खाली घालून पर्सच्या बंदाशी खेळू लागल्या. मग रब्बी काय म्हणाले तेही सांगून टाकलं. ती म्हणाली, सासूबाईंना रब्बी पुरायचे नाहीत. बाई म्हणाल्या, ते बरोबरच आहे, तू काय ते ठरव, माझा राग नाही. राग नव्हताच, पण बाकी सगळं होतं.

तिच्या मुठीतला दगड बाईंना दिसला. करडा, गुळगुळीत, मध्ये एक पांढरी रेघ. बाईंनी हात पुढे केला.

"तो दे माझ्याकडे. मी ठेवते. मागाहून लागेल तेव्हा तुला यायला जमेल न जमेल."

तिने मूठ घट्ट मिटली.

"नाही," ती म्हणाली. "मी आणीन."

एवढ्यात बाळ जागं झालं आणि रडायला लागलं. भूक होती की झोपमोड, कोण जाणे, पण आवाज व्हरांडाभर झाला. ती उठली, बाळाला झोळीतून काढून खांद्यावर घेतलं आणि थोपटत फेऱ्या मारू लागली. वाचनालयाच्या पाटीपर्यंत गेली, परत आली. घड्याळाच्या पाटीपर्यंत गेली, परत आली. बाई खाली फरशीकडे बघत होत्या. आता ती बाळाला राणी म्हणेल, सोन्या म्हणेल, काहीही म्हणेल. आयांकडे अशा हाकांना तोटा नसतो. आणि मग घरी जाऊन एक नवं नाव शोधतील, आणि ते पानावर छापायला पाठवतील, आणि आपण ते छापू.

ती बाकासमोर येऊन थांबली. बाळाचं डोकं तळहातावर घेऊन तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि हाक मारली. नावाने. पूर्ण नावाने, स्वच्छ, जशी बाईंची आई मागच्या दारातून मारायची.

"ओ," बाई म्हणाल्या.

तोंडातून निघूनच गेलं. इतक्या वर्षांनी ते कुठून आलं कोण जाणे. बाईंनी ओठांवर हात ठेवला. ती बघतच राहिली. मग तिचे डोळे भरले आणि त्याच वेळी तिला हसूही आलं.

"तुम्हाला नाही, बाई. हिला."

"हो, हो. हिलाच मार," बाई म्हणाल्या. "मी आपली ऐकते."

तेव्हा तिने पुन्हा हाक मारली, आणि बाळ रडायचं थांबेपर्यंत मारत राहिली.